मालिंदी ते चीन, बंगालमार्गे



शिबपूरच्या बेताईतला भागातून हावड्याची माणसे रोज ये-जा करतात. बेताईचंडीच्या देवस्थानावरून ते नाव पडले, हे अनेकांना ठाऊक असते. पण त्याच परिसरात एके काळी बेतोड नावाची पेठ होती, हे सहसा कोणी सांगत नाही. सोळाव्या शतकात सातगावला, म्हणजे आजच्या आदिसप्तग्रामला, निघालेली मोठी जहाजे नदी उथळ झाल्यामुळे बेतोडलाच थांबत आणि तेथून माल लहान होड्यांतून वर जाई. त्या शतकाच्या उत्तरार्धात इकडे आलेल्या चेझारे फेदेरिची या व्हेनिसच्या व्यापाऱ्याने एक विलक्षण गोष्ट लिहून ठेवली आहे. जहाजे आली की बेतोडला गवताच्या झोपड्यांचे आणि दुकानांचे एक गावच उभे राही. जहाजे परत गेली की ते गाव पेटवून देत. वर जाताना पाहिलेली गजबजलेली पेठ खाली येताना जळून गेलेली पाहून तो थक्क झाला.

जेथे माणसे एकत्र येतात, देवघेव करतात आणि निघून जातात, अशा जागांची आठवण इतिहास क्वचितच ठेवतो. युरोपीय जहाजे येण्यापूर्वी आफ्रिका आणि चीन यांचा जो संबंध होता, तो समजून घ्यायचा तर नेमक्या अशाच जागांकडे पाहावे लागते. पाठ्यपुस्तकांत सागरी इतिहासाचे पान बहुधा १४९८ साली, वास्को द गामाच्या आगमनाने उघडते. बंगालचा एक प्रसंग त्याहून ८४ वर्षे जुना आहे.

इसवी सन १४१४. चीनमध्ये मिंग घराण्यातील युंगलो सम्राटाचे राज्य होते. त्या वर्षी बंगालच्या सुलतानाकडून आलेल्या नजराण्यात एक जिवंत जिराफ होता. मिंग नोंदींत सुलतानाचे नाव सैफुद्दीन असे येते. तो पंडुआ येथून राज्य करणारा सैफुद्दीन हमझा शाह होय. पंडुआ आजच्या मालदा जिल्ह्यात आहे. असा प्राणी चिनी दरबाराने पूर्वी पाहिला नव्हता. लांब मान, अंगावर ठिपके, शिंगांवर कातडे आणि स्वभाव मवाळ. ही लक्षणे पाहून दरबारी मंडळींना पुराणकथांतील ‘किलीन’ आठवला. सद्गुणी राजाच्या काळातच किलीन पृथ्वीवर अवतरतो, अशी चिनी श्रद्धा होती. पूर्व आफ्रिकेतील सोमाली भाषेत जिराफाला ‘गेरी’ म्हणतात; त्या नादसाम्यामुळेही किलीनची आठवण झाली असावी, असे काही अभ्यासक मानतात.

युंगलोने स्वतःच्या पुतण्याला बाजूला सारून १४०२ साली गादी मिळवली होती. अशा राजाला शुभशकुन हवाच असतो. तरीही मंत्र्यांनी अभिनंदनाच्या समारंभाची परवानगी मागितली, तेव्हा सम्राटाने ती नाकारल्याची नोंद आहे. जगात शांतता नांदत असेल तर किलीन नसल्याने राज्यकारभाराचे काही अडत नाही, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. शेन दू या नामवंत सुलेखनकाराने मात्र या प्राण्यावर स्तुतिपर रचना लिहिली. तिच्यासह असलेले जिराफाचे चित्र आज तैपेई येथील राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. चित्रात जिराफाची दोरी हाती धरून एक माणूस उभा आहे. त्याचा वेश चिनी नाही. सम्राटाचे नाव ठाऊक आहे, सुलतानाचे ठाऊक आहे, सुलेखनकाराचेही ठाऊक आहे. दोरी धरणाऱ्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

बंगालच्या रानात जिराफ नाही. मग सुलतानाकडे तो आला कोठून? पुढच्याच वर्षी, १४१५ साली, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मालिंदीच्या राज्याकडून दुसरा जिराफ चीनला पोहोचला. मालिंदी आजच्या केनियात आहे. या दोन नोंदी शेजारी ठेवून जे. जे. एल. डायव्हेंडाक या डच चिनीविद्यापंडिताने आणि त्याच्यानंतरच्या अभ्यासकांनी अनुमान काढले की बंगालचा जिराफही मालिंदीचाच असावा आणि तो आधी सुलतानाच्या दरबारी आला असावा. डायव्हेंडाकचे ‘चीनला लागलेला आफ्रिकेचा शोध’ या अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक १९४९ साली प्रसिद्ध झाले. ते शीर्षक वाचून एक प्रश्न सहज मनात येतो. चीनला आफ्रिकेचा शोध लागला, तो बंगालमध्ये आफ्रिका आधीच येऊन पोहोचली होती म्हणून. मग या मधल्या किनाऱ्याचे स्थान कोणते?

त्याचे उत्तर वाऱ्यांपासून सुरू होते. ‘मोसम’ हा शब्द मराठीत अरबीतून आला, आणि हिंदी महासागरावर तो पंचांगाइतकाच महत्त्वाचा होता. हिवाळ्यात ईशान्येचे वारे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून तारवांना आफ्रिकेकडे नेत. उन्हाळ्यापासून नैर्ऋत्येचे वारे ती परत आणीत. बंगालच्या उपसागरात आणि पुढे चीनच्या समुद्रातही असेच चक्र चाले. एकाच मोसमात आफ्रिकेहून चीन गाठणे शक्य नव्हते. वारा फिरेपर्यंत एखाद्या बंदरात मुक्काम करावाच लागे. त्यामुळे माल सहसा टप्प्याटप्प्याने जाई, आणि खंबायत, कालिकत, चितगाव, मलाक्का अशी बंदरे त्या थांबण्यातून वाढली.

चिनी लेखकांना आफ्रिकेची ऐकीव माहिती फार पूर्वीपासून होती. इ. स. ७५१ मध्ये तलासच्या लढाईत दू ह्वान नावाचा चिनी कैदी अरबांच्या हाती पडला. तो ७६२ साली समुद्रमार्गे ग्वांगचौला परतला आणि त्याने प्रवासवर्णन लिहिले. त्यातील काही भाग आज उरला आहे. त्यात आलेला ‘मोलिन’ नावाचा देश आफ्रिकेतील असावा असे मानतात. नवव्या शतकात त्वान छंगशी याने आजच्या सोमालियाच्या किनाऱ्याचे वर्णन केले. गाईच्या रक्तात दूध मिसळून पिणारे लोक, हस्तिदंत आणि अंबर यांचा त्यात उल्लेख आहे.

परंतु सर्वांत बोलकी नोंद १२२५ सालची आहे. च्वानचौ या बंदरात परदेशी व्यापारावर देखरेख करणारा झाओ रुग्वा हा अधिकारी व्यापाऱ्यांकडून ऐकलेली माहिती टिपून ठेवी. झांजिबारच्या किनाऱ्याविषयी तो सांगतो की दरवर्षी गुजरातहून आणि अरबी किनाऱ्यावरून जहाजे तेथे जातात आणि पांढरे सुती कापड, चिनी मातीची भांडी, तांबे व तांबडे सुती कापड देऊन तेथील माल घेतात. चिनी अधिकारी स्वतःच लिहितो की आपल्या देशाची भांडी आफ्रिकेत नेणारी जहाजे आपली नाहीत. त्या गलबतांत भांड्यांच्या जोडीला भारतीय विणकरांचे कापडही होते, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्या कापडाला शतकानुशतके मागणी राहिली.

या साखळीत महाराष्ट्राचा किनाराही होता. अल-मसुदी हा बगदादचा विद्वान हिजरी ३०४, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास सैमूरला, आजच्या रायगड जिल्ह्यातील चौलला, आला होता. तेव्हा कोकणात शिलाहारांचे राज्य होते. सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद येथून आलेले आणि तेथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान चौलला राहत असल्याचे त्याने नोंदवले आहे. हाच अल-मसुदी पूर्व आफ्रिकेच्या समुद्रातही फिरला होता. तो लिहितो की तेथील हस्तिदंत ओमानला जातो आणि तेथून भारतात व चीनमध्ये. चीनमध्ये त्याचा उपयोग अधिकाऱ्यांच्या पालख्यांसाठी होतो आणि भारतात खंजिरांच्या मुठींसाठी व बुद्धिबळाच्या सोंगट्यांसाठी. भारतात हत्ती असूनही आफ्रिकेचा दात मागवला जाई, कारण तो आकाराने मोठा आणि कोरायला मऊ असतो. कोळी समाजात आजही तारवाच्या धन्याला ‘नाखवा’ म्हणतात. फारसीतील ‘नाखुदा’ या शब्दाचे ते मराठी रूप आहे. त्या काळच्या समुद्राची बोली कोकणच्या किनाऱ्यावर अजून अशी जिवंत आहे.

पलीकडच्या किनाऱ्यावरचे पुरावे जमिनीतूनच वर आले. आजच्या टांझानियातील किल्वा या बंदरात आणि केनियाच्या किनाऱ्यावरील अनेक जुन्या वस्त्यांत चिनी भांड्यांचे तुकडे मोठ्या संख्येने सापडले आहेत. स्वाहिली किनाऱ्यावरील काही स्तंभयुक्त थडग्यांत चिनी वाडगे शोभेसाठी बसवलेले आहेत. केनियातील मांडा बेटावर युंगलोच्या नावाचे तांब्याचे नाणे मिळाल्याचे २०१३ साली जाहीर झाले. जी चिनी मातीची बरणी मराठी घरांत लोणच्यासाठी फडताळात असते, तिच्या पूर्वजांना आफ्रिकेत असा मान होता.

हा सारा समुद्र एकाच माणसाच्या पायाखालून गेल्याचे उदाहरणही आहे. इब्न बतूता हा मोरोक्कोतील टँजिअरचा, म्हणजे आफ्रिकेचाच. त्याने १३३१ साली मोगादिशू आणि किल्वा पाहिले. पुढे मुहम्मद तुघलकाने त्याला वकील म्हणून चीनला पाठवले, तेव्हा तो दौलताबाद आणि नंदुरबारमार्गे समुद्राकडे गेला. नंदुरबारच्या मराठ्यांविषयी तो लिहितो की हे लोक कारागिरीत निपुण आहेत, वैद्यक आणि ज्योतिष जाणतात, आणि तांदूळ, भाज्या व तिळाचे तेल हा त्यांचा आहार आहे. वाटेत संकटे आली, मालदीवमध्ये मुक्काम घडला, आणि अखेर बंगालमधील सोनारगाव येथून तो चिनी धाटणीच्या जहाजाने पूर्वेकडे निघाला. चीनमध्ये त्याला मोरोक्कोच्याच बाजूचा, सेउटा गावचा एक गृहस्थ भेटला. पुढे सहाराच्या कडेला, सिजिलमासा येथे, त्याच गृहस्थाच्या भावाच्या घरी तो उतरला. एक भाऊ चीनमध्ये आणि दुसरा आफ्रिकेच्या वाळवंटाशी, ही चौदाव्या शतकातील हकिकत आहे.

मराठीत क्षुल्लक किमतीला ‘कवडीमोल’ म्हणतात. त्या कवडीचा प्रवासही ऐकण्यासारखा आहे. मालदीवचे लोक कवड्या देऊन बंगालचा तांदूळ घेत, आणि बंगालमध्ये कवडी हे बाजारातील सुटे नाणे होते. चीनच्या युनान प्रांतातही ती चाले. मालदीवमध्ये सोन्याच्या एका दिनाराला चार लाख आणि कधी त्याहूनही अधिक कवड्या मिळतात, असे इब्न बतूताने लिहिले. तीच कवडी पश्चिम आफ्रिकेत त्याने दिनाराला ११५० या भावाने चालताना पाहिली. कवडीला मोल कोठे येते, हे अंतराने ठरत होते, आणि ते अंतर कापणाऱ्या माणसांच्या कष्टाने.

त्या माणसांपैकी एकाचे नाव सुदैवाने उरले आहे. झेंग हे या नौसेनापतीच्या नेतृत्वाखाली १४०५ ते १४३३ या काळात चीनची प्रचंड आरमारे सात वेळा हिंदी महासागरात आली. पहिल्याच मोहिमेत २७ हजारांहून अधिक माणसे होती, आणि १४१७ साली निघालेल्या पाचव्या मोहिमेने आफ्रिकेचा किनारा गाठला. या मोहिमांपैकी तीन मोहिमांत मा ह्वान नावाचा दुभाषी होता. त्याने बंगालचे वर्णन मोठ्या आस्थेने केले आहे. जहाजे चितगावला लागतात, तेथून लहान होड्यांनी सोनारगावला जावे लागते. मोठ्या व्यवहाराला चांदीचा टंका आणि लहान व्यवहाराला कवडी चालते. सुती कापडाचे सहा प्रकार त्याने वेगवेगळे सांगितले. झाडाच्या सालीपासून केलेला कागद हरणाच्या कातड्यासारखा मऊ असतो, हे त्याच्या नजरेतून सुटले नाही. लोक बंगाली बोलतात आणि फारसीही जाणतात, हेही त्याने टिपले. पाहुण्याला येथे चहा मिळत नाही, सुपारी देतात, असे हा चिनी माणूस सांगतो. चहासाठी जगभर नावाजलेल्या आजच्या बंगालचे हे सहाशे वर्षांपूर्वीचे चित्र आहे.

या इतिहासाची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. जहाजांत कापड आणि हस्तिदंतच होते असे नाही, माणसेही होती. आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम अरबी, भारतीय आणि चिनी बाजारांत विकले गेले. बंगालच्या सुलतानांनी पंधराव्या शतकात हबशी शिपाई पदरी ठेवले, आणि १४८७ ते १४९३ या काळात हबशी सुलतानच बंगालच्या गादीवर होते. त्यांच्यापैकी सैफुद्दीन फिरोज शाहच्या नावाने ओळखला जाणारा फिरोज मिनार मालदा जिल्ह्यातील गौड येथे आजही उभा आहे. महाराष्ट्राला याचे नवल वाटू नये. इथिओपियात जन्मलेला, अनेकदा विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला, त्याने खडकी वसवली, आणि तेच शहर पुढे औरंगाबाद व आता छत्रपती संभाजीनगर झाले. सन्मानाने आलेला जिराफ आणि साखळदंडात आलेला माणूस एकाच समुद्रावरून आले. इतिहास शिकवताना यांपैकी एकच गोष्ट सांगणे प्रामाणिकपणाचे नाही.

१४३३ नंतर चीनने आपली मोठी आरमारे पाठवणे थांबवले. छोट्या व्यापाऱ्यांचा समुद्र मात्र थांबला नाही. १४९८ च्या एप्रिल महिन्यात वास्को द गामा मालिंदीला पोहोचला, तेच जिराफाचे मालिंदी. तेथे त्याला भारतापर्यंतचा रस्ता जाणणारा एक वाटाड्या मिळाला, आणि मे महिन्यात पोर्तुगीज जहाजे कालिकतपाशी आली. हा वाटाड्या गुजरातचा होता, असे बार्रुश हा पोर्तुगीज इतिहासकार सांगतो. ज्याला ‘भारताचा सागरी मार्ग सापडणे’ म्हणतात, त्या घटनेत मार्ग आधीपासून माहीत असलेला माणूस सुकाणूपाशी उभा होता. पुढच्या काळात तोफा लावलेल्या जहाजांनी या समुद्रावर परवाने लादले. पुस्तकांत ‘शोध’ हा शब्द रूढ झाला, आणि वाटाड्या चित्रातून बाहेर गेला.

हा विषय शाळेच्या हीरक महोत्सवात मांडण्याचे कारण आता स्पष्ट व्हावे. बंगाल-नागपूर रेल्वेने १९०० साली हावडा नागपूरशी जोडला. तेव्हापासून नोकरीच्या आणि धंद्याच्या निमित्ताने मराठी माणसे या स्थानकावर उतरत आली आहेत. त्यांच्या मुलांचे जीवन नेहमी दोन किनाऱ्यांच्या मध्ये राहिले. घरी मराठी, गल्लीत बंगाली, बाजारात हिंदी आणि पुढच्या शिक्षणात इंग्रजी. दवाखान्यात डॉक्टरांचे बंगाली बोलणे गावाहून आलेल्या आजीला मराठीत समजावून सांगणारे आठ-नऊ वर्षांचे मूल या शाळेतील प्रत्येकाच्या ओळखीचे आहे. कित्येकजण लहानपणी स्वतःच ते मूल होते.

हावड्यात राहून मराठी माध्यमाचा उपयोग काय, असा प्रश्न पालक विचारतात, आणि तो रास्त आहे. मुलांच्या भवितव्याची काळजी त्यामागे असते, म्हणून त्याचे उत्तर भावनेच्या भरात देऊ नये. मा ह्वानचे मोल तो केवळ परभाषा जाणत होता म्हणून नव्हते. जे ऐकले ते स्वतःच्या भाषेत नीट, नेमके लिहिण्याची ताकद त्याच्यात होती, म्हणून सहाशे वर्षांपूर्वीचा बंगाल आज वाचता येतो. ज्याची एक भाषा पक्की, तोच दोन भाषांमध्ये पूल बांधू शकतो. या शाळेने साठ वर्षे ती एक भाषा पक्की करण्याचे काम केले. तिच्यातून बाहेर पडलेली मुले बंगालीला कधी परकी वाटली नाहीत आणि बंगाली त्यांना परकी वाटली नाही.

महोत्सवाच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांपुढे एक मागणे ठेवावेसे वाटणे स्वाभाविक आहे. आपल्या घरातील पहिले माणूस हावड्याला कोणत्या साली, कोणत्या गावाहून, कोणत्या कामासाठी आले, कोणाच्या ओळखीने आले, पहिली रात्र कोठे काढली, हे प्रत्येक कुटुंबाने दोन पाने मराठीत लिहून शाळेच्या दप्तरी द्यावे. ज्यांचे आजी-आजोबा हयात आहेत त्यांनी ते काम या सुट्टीतच करावे, कारण ही माहिती दुसऱ्या कोणत्याही कचेरीत मिळणार नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे नाव आणि जन्मतारीख असते. त्याचा हात धरून त्याला येथवर आणणाऱ्याची हकिकत नसते.

बेतोडची पेठ जहाजे गेल्यावर जळून जाई, आणि तेथे कोण राहिले, काय बोलले, याचा माग उरला नाही. शाळेचे तसे होऊ नये. तैपेईच्या त्या चित्रात जिराफाशेजारी जो माणूस उभा आहे, त्याला कोणी नाव विचारले असते तर तो कोणत्या भाषेत उत्तर देता, हे कळायला आज मार्ग नाही. हावड्याच्या मराठी माणसांना ते विचारणे मात्र अजून शक्य आहे.